हिऱ्यातील पोकळीपासून शहरांतील जोडणीपर्यंत : डेल्फ्टचे पुंजमाहिती संशोधन

अणू, इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकण यांच्या वर्तनाचे नियम सांगणारे पुंजयामिकीचे शास्त्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभे राहिले. परंतु त्या नियमांचा उपयोग माहिती साठवण्यासाठी, तिच्यावर प्रक्रिया करण्यासाठी आणि ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवण्यासाठी करता येईल, हा विचार त्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत रुजला आणि त्यातून पुंजमाहितीशास्त्र ही स्वतंत्र शाखा निर्माण झाली. या शाखेतील अनेक महत्त्वाचे प्रयोग विद्यापीठांच्या प्रयोगशाळांमध्ये झाले आहेत आणि त्यांत नेदरलँड्समधील डेल्फ्ट तांत्रिक विद्यापीठाचे स्थान ठळक आहे. हेग आणि रॉटरडॅम यांच्या दरम्यान वसलेल्या या छोट्या शहरात गेल्या काही दशकांत घडलेले संशोधन पाहिले, तर एखादा संशोधकसमूह आपले यश कसे मिळवतो, ते कसे तपासतो आणि चूक झाल्यास ती कशी उघडकीस येते, या तिन्ही गोष्टींचे चित्र समोर येते.

पूर्वपीठिका

डेल्फ्टपासून जवळच असलेल्या लायडन शहरात हाइके कामरलिंग ओनेस यांनी 1908 मध्ये हेलियम वायूचे द्रवीकरण केले आणि 1911 मध्ये अतिवाहकतेचा, म्हणजे अतिशीत तापमानाला काही धातूंचा विद्युत्‌रोध पूर्णपणे नाहीसा होण्याचा, शोध लावला. अतिशीत तापमान निर्माण करण्याचे कौशल्य तेव्हापासून नेदरलँड्सच्या भौतिकीत मुरलेले आहे आणि पुंजमाहितीच्या प्रयोगांना ते अत्यावश्यक असते, कारण उष्णतेमुळे होणारी कणांची हालचाल नाजूक पुंज अवस्थांना क्षणार्धात विस्कटून टाकते. 1988 मध्ये डेल्फ्ट आणि फिलिप्स कंपनीच्या संशोधकांनी अर्धवाहकातील अतिशय अरुंद वाटेतून जाणाऱ्या विजेची वाहकता सलग न वाढता ठरावीक पायऱ्यांनी वाढते, हे दाखवून दिले. त्यानंतर हान्स मोय यांच्या गटाने अतिवाहक कड्यांमध्ये एकाच वेळी दोन विरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या प्रवाहांच्या अवस्थांवर काम केले.

या प्रयोगांच्या मुळाशी क्यूबिटची कल्पना आहे. नेहमीच्या संगणकातील बिट शून्य किंवा एक यांपैकी एकच मूल्य धारण करतो, तर क्यूबिट या दोन्ही मूल्यांच्या अध्यारोपित अवस्थेत, म्हणजे दोहोंच्या ठरावीक प्रमाणातील संयोगात, राहू शकतो. मात्र त्याचे मापन करताच त्या दोहोंपैकी एकच उत्तर मिळते आणि मूळची अवस्था नष्ट होते. असा क्यूबिट इलेक्ट्रॉनच्या स्पिन या गुणधर्मात, अतिवाहक परिपथात किंवा प्रकाशकणात साकारता येतो. यांतले कोणते माध्यम अखेरीस उपयुक्त ठरेल हे ठरलेले नसल्याने डेल्फ्टमध्ये अनेक माध्यमांवर समांतर काम सुरू झाले आणि 2014 मध्ये विद्यापीठ व उपयोजित संशोधन करणारी टीएनओ ही डच संस्था यांनी मिळून क्यूटेक हे संशोधन केंद्र स्थापन केले. भौतिकशास्त्रज्ञ, संगणकशास्त्रज्ञ आणि अभियंते यांना एकाच छताखाली आणणे, हा या केंद्राचा मुख्य हेतू होता.

हिऱ्यातील पोकळी

डेल्फ्टच्या सर्वांत गाजलेल्या प्रयोगांचे साधन म्हणजे हिऱ्याच्या स्फटिकातील एक विशिष्ट दोष होय. हिरा हा कार्बनच्या अणूंची नियमित जाळी असतो. या जाळीत एका कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू आला आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली, की त्या ठिकाणी अडकलेले इलेक्ट्रॉन जणू एखाद्या स्वतंत्र अणूप्रमाणे वागू लागतात. या दोषाला नायट्रोजन-पोकळी केंद्र असे म्हणतात. त्यातील इलेक्ट्रॉनचे स्पिन सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने हवे तसे वळवता येते, लेसरच्या प्रकाशाने त्याची अवस्था वाचता येते आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या लाल प्रकाशकणाशी ते जोडलेले ठेवता येते. हिऱ्यातील बहुतेक कार्बन अणूंच्या केंद्रकांना स्पिन नसते. परंतु नैसर्गिक कार्बनमध्ये सुमारे 1.1 टक्का असलेल्या कार्बन-13 या समस्थानिकाच्या केंद्रकाला ते असते आणि बाहेरच्या गोंधळापासून बरेचसे अलिप्त असलेले हे केंद्रक माहिती साठवण्याच्या कामी येते. टिम तामिनियाऊ यांच्या गटाने 2019 मध्ये एका केंद्राभोवतीच्या अशा स्पिनांपासून दहा क्यूबिटचा संच तयार केला आणि त्यात माहिती एक मिनिटाहून अधिक काळ टिकवून दाखवली. पुंजमाहितीच्या क्षेत्रात, जेथे अनेक माध्यमांतील अवस्था सेकंदाच्या अत्यल्प अंशात विस्कटतात, तेथे हा कालावधी फार मोठा ठरतो.

रोनाल्ड हॅन्सन यांच्या गटाने या केंद्रांचा उपयोग दूर अंतरावरील गुंफण निर्माण करण्यासाठी केला. दोन कणांची अवस्था स्वतंत्रपणे सांगताच येत नाही, दोहोंची मिळून एकच अवस्था असते आणि एकाच्या मापनाचे उत्तर दुसऱ्याच्या मापनाच्या उत्तराशी नेमक्या नात्याने बांधलेले असते, अशा स्थितीला गुंफण असे म्हटले जाते. गुंफणीतून प्रकाशापेक्षा अधिक वेगाने संदेश पाठवता येत नाही, कारण प्रत्येक टोकाला मिळणारे उत्तर सुटे पाहिले असता निव्वळ यादृच्छिक असते. दोन्ही टोकांच्या नोंदी नेहमीच्या मार्गाने एकत्र आणल्यावरच त्यांच्यातील संबंध दिसून येतो. 2013 मध्ये या गटाने तीन मीटर अंतरावरील दोन हिऱ्यांमध्ये अशी गुंफण घडवली, तेव्हा एका यशस्वी जोडणीसाठी सरासरी दहा मिनिटे लागत होती. 2014 मध्ये याच अंतरावर एका हिऱ्यातील स्पिनची अवस्था दुसऱ्या हिऱ्यात खात्रीशीरपणे दूरप्रेषित करण्यात आली.

बेलची कसोटी

अल्बर्ट आइन्स्टाइन, बोरिस पोडोल्स्की आणि नेथन रोझेन यांनी 1935 मध्ये असा आक्षेप नोंदवला होता की, पुंजयामिकी हे अपूर्ण शास्त्र असावे आणि गुंफलेल्या कणांची उत्तरे आधीपासूनच कोणत्यातरी अज्ञात गुणधर्मांत ठरलेली असावीत. हा वाद तत्त्वज्ञानाच्या पातळीवरच राहिला असता. परंतु जॉन बेल यांनी 1964 मध्ये दाखवून दिले की, उत्तरे आधीच ठरलेली असतील आणि कोणताही प्रभाव प्रकाशाहून वेगाने पोहोचत नसेल, तर दोन टोकांच्या उत्तरांतील संबंधाला एक गणिती मर्यादा पडते आणि पुंजयामिकीचे भाकीत ती मर्यादा ओलांडते. 1972 मध्ये जॉन क्लाउझर व स्टुअर्ट फ्रीडमन यांनी आणि 1982 मध्ये आलाँ आस्पे यांच्या गटाने केलेल्या प्रयोगांत ही मर्यादा ओलांडली गेल्याचे आढळले.

तरीही त्या प्रयोगांत काही पळवाटा शिल्लक होत्या. पहिली पळवाट स्थानिकतेची होती : दोन मापनकेंद्रे पुरेशी दूर नसतील, तर एका टोकाची माहिती प्रकाशाच्या वेगाने दुसऱ्या टोकाला पोहोचून उत्तरावर परिणाम करू शकते. दुसरी पळवाट शोधनाची होती : प्रकाशकणांपैकी बहुतेक वाटेत हरवत असतील, तर सापडलेले थोडे कण साऱ्या कणांचे खरे प्रतिनिधी आहेत असे गृहीत धरावे लागते. प्रकाशकणांच्या प्रयोगांत पहिली पळवाट बंद झाली, तरी दुसरी उघडी राहत असे. विद्युत्‌भारित अणूंच्या प्रयोगांत दुसरी बंद झाली, परंतु ते अणू एकमेकांच्या अगदी जवळ असल्यामुळे पहिली उघडी राहिली.

या दोन्ही पळवाटा एकाच प्रयोगात बंद करण्यासाठी हॅन्सन यांच्या गटाने डेल्फ्ट विद्यापीठाच्या आवारात 1.28 किलोमीटर अंतरावर दोन हिरे ठेवले. प्रत्येक हिऱ्यातून निघालेला प्रकाशकण तंतूतून मधल्या तिसऱ्या केंद्रावर येत असे. तेथे दोन्ही प्रकाशकणांची विशिष्ट प्रकारे नोंद झाली, तरच दूरची दोन स्पिने गुंफली गेल्याची खूण मिळत असे आणि तेवढीच फेरी प्रयोगात मोजली जात असे. अशा प्रकारे वाटेत हरवलेल्या प्रकाशकणांचा निष्कर्षावर परिणाम होत नसे, कारण खूण मिळालेल्या प्रत्येक फेरीत दोन्ही स्पिनांचे उत्तर नोंदवले जात असे. 1.28 किलोमीटर अंतर कापण्यास प्रकाशाला सुमारे 4.27 मायक्रोसेकंद लागतात. मापनाची दिशा यादृच्छिक संख्यांवरून निवडणे आणि स्पिन वाचणे ही दोन्ही कामे त्याच्या आत पूर्ण होत असल्याने एका टोकाची निवड दुसऱ्या टोकाला कळण्याची शक्यताच उरत नव्हती.

या काटेकोरपणाची किंमत वेळेच्या रूपाने मोजावी लागली. 18 दिवसांच्या कालावधीत एकूण 220 तास मापन केल्यावर केवळ 245 फेऱ्या हाती लागल्या, म्हणजे तासाला एकाहून किंचित अधिक. बेलची कसोटी एखाद्या खेळाच्या रूपात मांडली, तर आधीच ठरलेल्या उत्तरांवर चालणारी कोणतीही व्यवस्था सरासरी 75 टक्क्यांहून अधिक फेऱ्या जिंकू शकत नाही, तर पुंजयामिकीनुसार हे प्रमाण कमाल 85 टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. डेल्फ्टच्या प्रयोगात 245 पैकी 196 फेऱ्या, म्हणजे 80 टक्के, जिंकल्या गेल्या. आधीच ठरलेल्या उत्तरांचा सिद्धांत खरा असता, तर असा निकाल निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता 3.9 टक्क्यांहून अधिक नव्हती. बास हेन्सेन प्रथम लेखक असलेला हा शोधनिबंध ऑक्टोबर 2015 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी व्हिएन्ना व अमेरिकेतील बोल्डर येथील गटांनी प्रकाशकणांच्या साहाय्याने, बऱ्याच अधिक सांख्यिकीय बळासह, हाच निष्कर्ष स्वतंत्रपणे मिळवला. डेल्फ्टच्या गटाने आपल्या निकालाची सांख्यिकीय मर्यादा निबंधात स्पष्ट नोंदवली होती आणि त्यावर न थांबता पुढे आणखी 300 फेऱ्यांचा दुसरा प्रयोग करून त्याचाही तपशील प्रसिद्ध केला. आस्पे, क्लाउझर आणि अँटोन झायलिंगर यांना या विषयातील मूलभूत कामासाठी 2022 चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांनी सुरू केलेल्या परीक्षणाचा शेवटचा टप्पा 2015 च्या या प्रयोगांनी पूर्ण झालेला होता.

जोडणीकडून जाळ्याकडे

बेलच्या कसोटीसाठी उभारलेले तंत्र हेच पुढे पुंज जालाचे, म्हणजे गुंफणीच्या आधारे दूरदूरचे संगणक जोडणाऱ्या जाळ्याचे, आधारभूत तंत्र ठरले. अशा जाळ्यात नेहमीच्या दूरसंचारातील प्रवर्धक चालत नाहीत, कारण अज्ञात पुंज अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, असे 1982 मध्ये विल्यम वूटर्स व वॉयचेख झुरेक यांनी आणि स्वतंत्रपणे डच शास्त्रज्ञ डेनिस डीक्स यांनी सिद्ध केले आहे. प्रत काढता येत नसल्यामुळेच या जाळ्यातील संदेश चोरून वाचणे उघडकीस येते. परंतु त्याच कारणाने तंतूत क्षीण होणारा संकेत वाटेत वाढवताही येत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे लांबच्या दोन टोकांमध्ये टप्प्याटप्प्याने गुंफण निर्माण करून मधल्या केंद्रावर ती जोडून घेणे होय.

या दिशेने पहिला अडथळा वेगाचा होता, कारण नवी जोडणी होईपर्यंत जुनी विस्कटून जात असेल, तर जाळे उभे राहूच शकत नाही. 2018 मध्ये डेल्फ्टच्या गटाने एकाच प्रकाशकणावर आधारलेली पद्धत वापरून दोन हिऱ्यांमध्ये सेकंदाला सुमारे 39 वेळा गुंफण घडवली; पाच वर्षांपूर्वीच्या दहा मिनिटांना एक या गतीच्या तुलनेत ही वाढ हजारो पटींची होती आणि गुंफण विस्कटण्याच्या गतीपेक्षा ती घडण्याची गती प्रथमच अधिक झाली. 2021 मध्ये अ‍ॅलिस, बॉब आणि चार्ली अशी नावे दिलेल्या तीन केंद्रांचे जाळे तयार झाले, ज्यात मधल्या केंद्राने एक जोडणी स्मृतीत धरून ठेवून दुसरी पूर्ण होण्याची वाट पाहिली आणि नंतर दोन्ही सांधल्या. 2022 मध्ये याच जाळ्यात, परस्परांशी थेट न जोडलेल्या चार्ली आणि अ‍ॅलिस या केंद्रांदरम्यान पुंज अवस्थेचे दूरप्रेषण करण्यात आले.

यानंतरचे पाऊल प्रयोगशाळेच्या भिंतींबाहेर पडण्याचे होते. हिऱ्यातून निघणारा 637 नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश काचतंतूत काही किलोमीटरच्या आतच जवळजवळ संपतो; म्हणून प्रत्येक प्रकाशकणाची तरंगलांबी, त्याची पुंज अवस्था न बिघडवता, दूरसंचारासाठी योग्य अशा 1588 नॅनोमीटरवर आणण्यात आली. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डेल्फ्ट आणि हेग येथील, परस्परांपासून सुमारे 10 किलोमीटर दूर असलेल्या दोन हिऱ्यांमध्ये, जमिनीखाली टाकलेल्या 25 किलोमीटर तंतूतून, गुंफण साधण्यात आली. मिळालेल्या गुंफणीची गुणवत्ता आवश्यक मर्यादेपेक्षा थोडीच वर होती. तथापि तापमानानुसार लांबी बदलणाऱ्या, वाहतुकीने हादरणाऱ्या तंतूत दोन टोकांच्या प्रकाशलहरींचा ताळमेळ राखता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. आज्ञावलीच्या बाजूने स्टेफनी वेनर यांच्या नेतृत्वाखालील गटाने, ऑस्ट्रियातील इन्सब्रुक विद्यापीठ आणि फ्रान्समधील संस्थांसह, पुंज जालासाठीची क्यूनोडओएस ही कार्यप्रणाली विकसित केली, जिचे वर्णन 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आले. केंद्रामध्ये हिरा असो किंवा विद्युत्‌भारित अणू, वरच्या पातळीवरचा कार्यक्रम तोच ठेवता यावा, हा या प्रणालीचा हेतू आहे.

सिलिकॉन आणि सार्वजनिक संगणक

जाळ्याबरोबरच संगणकाच्या बाजूनेही डेल्फ्टमध्ये समांतर काम झाले. लीव्हन व्हँडरसायपन यांचा गट सिलिकॉनमध्ये विजेच्या दाबाने कोंडलेल्या एकेका इलेक्ट्रॉनच्या स्पिनवर काम करतो. आजच्या चिप-उद्योगाचे साहित्य आणि तंत्र यांचा त्यासाठी उपयोग होऊ शकतो, हे या माध्यमाचे मोठे आकर्षण आहे. पुंज संगणकात चुका अपरिहार्य असतात आणि त्या दुरुस्त करण्याची गणिती पद्धत लाभदायक ठरायची, तर प्रत्येक क्रियेची अचूकता एका किमान पातळीच्या वर असावी लागते. जानेवारी 2022 मध्ये या गटाने सिलिकॉनमधील दोन क्यूबिटांवरील क्रिया 99 टक्क्यांहून अधिक अचूकतेने केल्याचे दाखवले आणि ‘नेचर’च्या त्याच अंकात जपान व ऑस्ट्रेलियातील गटांनीही तत्सम निकाल मांडले, त्याच वर्षी डेल्फ्टने सहा क्यूबिटांचा सिलिकॉन प्रक्रियकही सादर केला. त्याआधी, एप्रिल 2020 मध्ये क्वांटम इन्स्पायर या मंचाद्वारे दोन क्यूबिटांची सिलिकॉन चिप आणि पाच क्यूबिटांची अतिवाहक चिप इंटरनेटवरून सर्वांना वापरण्यास खुली करण्यात आली होती. क्यूबिटांची संख्या लहान असली, तरी बाहेरच्या कोणालाही ते यंत्र स्वतः चालवून पाहता येणे ही त्यातली महत्त्वाची गोष्ट होती.

मागे घेतलेला निबंध

याच संशोधकसमूहाच्या इतिहासात एक कटू प्रकरणही आहे. एतोरे मायोराना यांनी 1937 मध्ये स्वतःचाच प्रतिकण असलेल्या कणाची कल्पना मांडली होती. अतिवाहकाला जोडलेल्या अर्धवाहक तारेच्या टोकांशी त्याच्यासारखे वर्तन करणाऱ्या अवस्था निर्माण झाल्या, तर त्यांच्यापासून बाह्य गोंधळाला सहजी बळी न पडणारे क्यूबिट बनवता येतील, अशी अपेक्षा आहे. लिओ काउवेनहोव्हेन यांच्या डेल्फ्टमधील गटाने 2012 मध्ये अशा अवस्थांच्या खुणा मिळाल्याचे जाहीर केले आणि 2018 मध्ये ‘नेचर’मधील निबंधात त्याहून पुढचा दावा केला की, तारेची वाहकता सिद्धांताने सांगितलेल्या नेमक्या मूल्यावर स्थिरावते. 2012 च्या निबंधाचे सहलेखक राहिलेल्या सर्गेई फ्रोलोव्ह आणि व्हिन्सेंट मुरिक यांनी मूळ नोंदी मागवून तपासल्या, तेव्हा सर्व नोंदी एकत्र मांडल्यास वाहकता त्या मूल्यावर थांबत नाही, असे त्यांना आढळले. मार्च 2021 मध्ये लेखकांनी हा निबंध मागे घेतला. विद्यापीठाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीला हेतुपुरस्सर फसवणुकीचा पुरावा मिळाला नाही. परंतु अनुकूल नोंदींची निवड झाली होती आणि उत्साहाच्या भरात लेखकांची स्वतःची फसगत झाली, असा तिचा निष्कर्ष होता.

या प्रकरणाची बेलच्या प्रयोगाशी तुलना केली असता दोहोंतील फरक स्पष्ट होतो. 2015 च्या प्रयोगात कोणती फेरी मोजायची याचा नियम मापनाआधीच निश्चित होता, म्हणून 245 ही लहान संख्यादेखील पुरेशी ठरली. 2018 च्या निबंधात मुबलक नोंदींतून कोणत्या दाखवायच्या, हा निर्णय निकाल पाहिल्यानंतर घेतला गेला, म्हणून उत्तम आलेखही टिकला नाही. मायोराना अवस्था अस्तित्वात नाहीत असे त्यातून सिद्ध झालेले नाही. सिद्ध झाले ते इतकेच की, त्यांच्यासारखाच संकेत साध्या कारणांनीही मिळू शकतो आणि तो वेगळा काढण्याची कसोटी अधिक कठोर असायला हवी.

निष्कर्ष

नेदरलँड्सने 2021 मध्ये आपल्या राष्ट्रीय वृद्धिनिधीतून पुंज तंत्रज्ञानासाठी 61.5 कोटी युरोंची तरतूद केली. भारत सरकारने एप्रिल 2023 मध्ये 2030-31 पर्यंत चालणाऱ्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला 6003.65 कोटी रुपयांची मंजुरी दिली असून, तिच्या चार केंद्रांपैकी पुंज संवेदन व मापनशास्त्राचे केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आहे. डेल्फ्टने जाळ्यासाठी वापरलेल्या हिऱ्यातील नायट्रोजन-पोकळी केंद्रांचा उपयोग सूक्ष्म चुंबकीय क्षेत्रे मोजण्यासाठी करण्याचे काम तेथेही चालते. पैसा आणि यंत्रे यांच्या बळावर प्रयोगशाळा उभ्या राहतात. परंतु डेल्फ्टचा अनुभव असे सांगतो की, प्रयोगाचे नियम आधी ठरवणे, निकालाची मर्यादा निकालासोबतच छापणे आणि मूळ नोंदी शंका घेणाऱ्याच्या हाती देणे, या तीन सवयी अंगवळणी पडल्या तरच त्या प्रयोगशाळांतून निघालेल्या दाव्यांवर इतरांना पुढची इमारत उभारता येते. पुंजमाहितीच्या क्षेत्रातील यशाच्या बातम्या वाचताना, क्यूबिटांची संख्या किंवा किलोमीटरांचे अंतर विचारण्याआधी, वाचकाने दावा कोणी आणि कसा तपासला हे विचारावे.